शेजारच्या घरचं सुतक

ज्या युद्धाविरुद्ध तुम्ही पत्रकं वाटलीत, त्याच युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी तुम्ही भेटायला जाल का?

आमच्या घरावर हा प्रश्न एक्क्याण्णव साली आला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये एकाला एक चिकटून असलेल्या विटांच्या घरांची आमची गल्ली. आई हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, बाबा कारखान्यात इंजिनिअर आणि युनियनचे कार्यकर्ते. मी अक्षरं गिरवली तीसुद्धा बाबांच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्या हिवाळ्यात मी आणि बाबा दर शनिवारी बाजारात उभे राहून आखातातल्या युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत होतो.

भिंतीपलीकडे एक आयरिश विधवा राहायची. मी तिला आंटी म्हणायचे. तिचा एकुलता मुलगा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात जन्मला. वडील इथे रस्त्यांच्या कामावर आले तेव्हा आईच्या कडेवर बसून तोही आला. मी लहान असताना या शहरात आयरिश माणसं दुकानात हळू आवाजात बोलायची. आयरिश बंडखोरांचा कुठे बॉम्ब फुटला की लोक त्यांच्याकडे वळून बघायचे. त्याने मात्र कधी आवाज खाली आणला नाही. त्याची शाळा संपली तेव्हा एकामागून एक कारखाने बंद पडत होते. वर्षभर बेकारीत काढून तो ब्रिटिश सैन्यात भरती झाला. त्यानंतर आंटीच्या ओळखीतले बरेच आयरिश लोक तिच्याकडे यायचे बंद झाले. ब्रिटिश राजवटीमुळे त्यांच्या गावाकडे त्या गणवेशाची आठवण चांगली नव्हती. त्याच्या सख्ख्या काकांनी नाताळचं कार्ड पाठवणंही थांबवलं.

रजेवर आला की तो आमच्या दारात उभा राहून बाबांशी वाद घालायचा. मला कॉम्रेड म्हणायचा. मी एकदा त्याच्या हातात पत्रक कोंबलं, तर त्याने ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "सैनिकांचा पगार वाढवा असं एक काढ ना, कॉम्रेड. बराकीत मी स्वतः वाटतो."

तो आखातात मारला गेल्याचं कळलं त्या दिवशी बाबांनी टीव्ही बंद केला आणि दिवसभर लावलाच नाही.

शवपेटी शुक्रवारी दुपारी घरी आली. त्यांच्याकडे दफनाच्या आधी माणसाला घरी आणतात, एकटं ठेवत नाहीत. शेजारीपाजारी येतात, बसतात, त्याच्या गोष्टी सांगतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नेईपर्यंत घर भरलेलं राहावं, आंटीला एवढंच हवं होतं.

बाबा कोट घालून पुन्हा खुर्चीत बसले. म्हणाले, "पेटीवरच्या त्या झेंड्यापुढे मी मान खाली घालायची?"

"मी झेंड्याला भेटायला चालले नाही," आई म्हणाली. तिने मऊ भात आणि साधं वरण डब्यात भरलं आणि मला घेऊन निघाली.

पेटीवर झेंडा नव्हताच. आंटीने तो घडी करून पॅसेजमध्ये कोट टांगतात तिथे ठेवला होता. पेटीचं झाकण उघडू नका, असं सैन्याने बजावलं होतं. झाकणावर त्याचा शाळेतला फोटो होता. टेबलावर सँडविचेस, फ्रूटकेक, कुणाकुणाकडून मागून आणलेले कप मांडलेले. भिंतीलगत खुर्च्या लावलेल्या. त्यांतल्या एकीवरही कुणी बसलेलं नव्हतं.

आंटीने आईपुढे चहा धरला. आईने कप हळूच बाजूला सारला आणि हात जोडून म्हणाली, आज नको. जरा वेळ पेटीजवळ उभी राहिली, आपला डबा टेबलावर ठेवला आणि काही न बोलता दाराकडे वळली. आपल्याकडे असंच करतात. सुतकाच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत आणि निघताना 'येते' म्हणत नाहीत.

आंटी तिच्यामागे पॅसेजमध्ये आली. तिचा आवाज अगदी शांत होता.

"डॉक्टर, त्याचा गणवेश तुम्हालाही चालत नसेल तर तसं सांगा. बाकीच्यांनी निदान न येऊन सांगितलंय."

आई दारातच थांबली. आपण काय केलंय हे तिला उमगायला एक क्षण लागला. मग ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. ती म्हणाली, आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. त्या घराला शेजाऱ्यांनी जेवू घालायचं. त्यांच्याकडून काही घ्यायचं म्हणजे त्यांच्या दुःखावर आपलं पोट भरणं.

आंटी तिच्या शेजारी बसली. आमच्याकडे आलेल्याने खाल्लं नाही, तर तो मेलेल्यावर राग धरून गेला असं समजतात, ती म्हणाली.

आई पायरीवरून उठली.

"घर तुमचं आहे," आई म्हणाली. "चहा द्या."

आई खुर्चीवर बसून चहा प्यायली, केकही खाल्ला. मग तिने ताटलीत वरणभात वाढला आणि आंटीच्या हातात दिला. आंटीने आदल्या दिवसापासून काही खाल्लेलं नव्हतं.

अंधारून यायच्या सुमारास बाबा आले. कोटावर युद्धविरोधी बिल्ला तसाच होता. पेटी दिसताच त्यांचा हात बिल्ल्याकडे गेला.

"राहू द्या," आंटी म्हणाली. "तुमच्याशी वाद घालायला त्याला फार आवडायचं."

बाबा पेटीशेजारच्या खुर्चीत बसले. त्याने एकदा बर्फातून आमची गाडी ढकलली आणि ढकलता ढकलता बाबांच्या समाजवादावर कशी टीका केली, ते त्यांनी आंटीला सांगितलं. ती हसली, मग रडली. पडदे उघडे होते. रस्त्यावरून आत माणसं बसलेली दिसत असावीत, कारण थोड्या वेळाने चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि जपमाळ काढून बसल्या. आयरिश लोकांच्या क्लबातले पुरुष आले नाहीत. त्याचे काकाही आले नाहीत. अर्ध्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

ते युद्ध चुकीचं होतं असं मी तेव्हाही लिहिलं, आजही लिहिते. बेकार पोरांना बंदूक देणाऱ्या सरकारला मी माफ केलेलं नाही. पण त्या रिकाम्या खुर्च्या सरकारने ठेवल्या नव्हत्या. त्या आपल्यासारख्या तत्त्वाच्या माणसांनी ठेवल्या.

अजूनही कुठून ना कुठून पेट्या परत येत आहेत. तुमच्या गावात अशी एक आई असेल, जिच्याकडे लोक मुलाच्या गणवेशामुळे फिरकत नाहीत. तिचं घर शोधा. या रविवारी जा, आणि तिचा मुलगा कसा होता ते तिला विचारा.