कोरड्या पाठीची साक्ष

आमच्या घराण्यात तीन पिढ्या मास्तर आणि कारकून. कपाटावरची फाईल खाली काढणं याला आम्ही अंगमेहनत म्हणतो आणि त्यानंतर चहा घेतो. अशा घरातल्या मला पारनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मुलगी दिली खरी, पण लग्नाला बारा वर्षं होऊनही माझ्या हातून काही काम होईल यावर सासऱ्यांचा विश्वास नव्हता. मी शेतावर गेलो की ते सावलीत खुर्ची मांडायचे. त्या खुर्चीचा मला मनापासून राग यायचा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही महिने वजन उचलू नका. सासूबाईंनी त्याचा अर्थ शेतातल्या कुठल्याच कामाला हात लावू नका असा लावला, आणि त्या घरात डॉक्टरांपेक्षा सासूबाईंचं जास्त चालतं. नेमके कांदे काढायचे दिवस. मी शाळेतून दोन दिवसांची रजा टाकली. यंदा खुर्चीवर बसायचं नाही, हे पक्कं केलं.

तयारी म्हणून नगरमध्ये एक टी-शर्ट घेतला. दुकानदाराने कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचे दोन थेंब टाकले. ते पसरून बाहेरच्या बाजूला आले आणि बघता बघता वाळून गेले. "सर, घाम येईल, पण दिसणार नाही," तो म्हणाला. मी विज्ञान शिकवतो. वातीत तेल कसं चढतं ते मुलांना दरवर्षी दाखवतो. सुती बनियन घाम पिऊन बसतं. हे कापड पीत नाही, धाग्यांमधल्या फटींतून घाम बाहेर आणतं आणि वाऱ्याच्या हवाली करतं. तत्त्व मला लगेच पटलं. 'दिसणार नाही' यातला धोका मात्र लक्षात आला नाही.

सासरे बांधावरच्या कडुलिंबाखाली बाज टाकून देखरेखीला बसले होते. कांदे उपटायचे, विळ्याने पात कापायची, पाटी भरून ढिगावर नेऊन ओतायची. मी सकाळी सातला वाफ्यात उतरलो तो जेवणाची हाक येईपर्यंत एकदाही सावलीत गेलो नाही. तळहाताला फोड आले, कंबर माझी राहिली नाही. जन्मात पहिल्यांदा मी काम केलं होतं. ऊन कडक, वारा कोरडा. टी-शर्टाने दुकानदाराचा शब्द तंतोतंत पाळला.

सासऱ्यांकडे कामाची हजेरी पाठीवर लागते. गड्यांच्या चिंब पाठी बघत ते मान डोलवत होते. माझ्या पाठीवर त्यांनी हात फिरवला.

"पाव्हनं, सावलीत बसला हुता का?"

"नाही मामा, सकाळपासून वाफ्यातच आहे."

"हातच्या काकनाला आरसा कशाला? पाठ कोरडी ठाक हाय."

"आत्ताच लाँड्रीतून आल्यावानी दिसत्यात," पात कापणारी एक बाई म्हणाली.

मी त्यांना कापडाचं शास्त्र समजावून सांगू लागलो. वाळलेल्या घामाचं शास्त्र भुकेल्या माणसांना सांगू नये. सगळे पोट धरून हसले. मग मी फोड दाखवले. "नाजूक हाताला दोन कांदं उपाटलं तरी फोड येत्यात," सासरे समजुतीने म्हणाले, आणि खुर्ची आली.

ते माझ्या मनाला फार लागलं. संध्याकाळी टी-शर्ट काढला तर त्याचा वास तेवढा खरं बोलत होता. अंगाचं तेल असल्या धाग्याला धरून राहतं, त्यामुळे हा कपडा ताजा ठेवायचा तर तो लगेच धुवावा लागतो, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. पण पुरावा म्हणून तो सासऱ्यांच्या नाकाशी धरणं जावयाला शोभलं नसतं. बायकोने नाक मुरडत तो धुऊन तारेवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी जुनं सुती बनियन घातलं. शेतापर्यंत चालत जाण्यातच पाठ भिजली. फोडांमुळे काम निम्मंही झालं नाही. "आज कसं मानसागत राबला!" सासरे म्हणाले. टी-शर्ट मी रागाने तिथेच सोडून आलो. पुढे सासरवाडीच्या प्रत्येक कार्यात माझ्या कोरड्या पाठीची गोष्ट रंगू लागली, आणि सांगणारी बहुतेक वेळा माझी बायकोच असायची.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर सासरे तोच टी-शर्ट घालून शेतावरून येत होते. नुसती चक्कर मारून आलो म्हणाले. सासूबाईंनी दारातच त्यांच्या पाठीवर हात फिरवला. कोरडी होती. मग सासऱ्यांनी मला गोठ्याकडे नेलं.

"लई गुनाचं कापड हाय," ते हळूच म्हणाले. "रोज दोन तास खुरपतो, हिला पत्ता न्हाई. हिरीवरच्या मोटारीच्या पान्यात धुतो, घरी येस्तोवर वाळतंय."

"आणि वजन?"

"खुरप्याला कसलं आलंय वजन?" मग त्यांनी घराकडे एकदा वळून बघितलं. "त्या दिशी तुमी खरंच राबला हुता, पाव्हनं."

बारा वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "मामा, हे जेवताना सगळ्यांसमोर सांगा."

"आन् मग माझं खुरपं?"

जेवायला बसलो. सासूबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या. "ह्यांनी उभ्या जल्मात रुमाल धुतला न्हाई, आन् आता रोज सदरा धुऊन आनत्यात. पाव्हनं, तुमी शास्त्र शिकिवता, खरं सांगा. ह्या कापडात मानूस राबला तर पाठ भिजती का न्हाई?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. समोर बायको होती, मेहुणा होता. एक 'नाही' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो आणि खुरपं जप्त झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"भिजते की," मी म्हणालो. "राबलं तर चिंब भिजते."

"तरीच!" मेहुणा ओरडला, आणि सगळे मला हसले. सगळ्यांत मोठ्याने सासरे हसले.