अडुसष्टाव्या वर्षी पाण्यात

"लंबर कॅनॉल स्टेनोसिस," एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरत डॉक्टर म्हणाले. म्हणजे कमरेच्या मणक्यांतून नसा जातात ती वाट अरुंद झालेली. चालताना पाय जड का पडतात, मांड्यांत आग का होते, ते आता कळलं.

"बरं होईल ना?" ह्यांनी विचारलं.

"वयाची झीज आहे. आज ऑपरेशनची गरज नाही. पण दुखणं थोडंफार राहणार."

शाळेत पी.टी. शिकवण्यात माझा जन्म गेला. मुलींना मैदानभर पळवणारी मी, आता गंगापूर रोडवर भाजीला जाताना दोनदा टेकायची.

गोळ्यांनी पोट बिघडलं आणि आमची भटकंती सुरू झाली. कटिबस्ती केली, म्हणजे कमरेवर पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल. सुखद होतं, पण तेवढ्यापुरतंच. ॲक्युपंक्चरच्या सुयांनी झोप लागू लागली, तीही थोडकी गोष्ट नाही. हरसूलच्या एका आजींनी पाल्याचा लेप प्रेमाने लावला. परतीचा घाट ओलांडेपर्यंत आराम टिकला.

मग कोणीतरी मणका 'बसवून' देणारा गाठून दिला. त्याने पाठीत गुडघा रोवून हिसका दिला. मी कळवळले आणि अंथरुणालाच खिळले.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तेल लावा, लेप लावा, माझी हरकत नाही. पण मणक्याला हिसका कुणाला देऊ देऊ नका. पाय लुळे पडले असते." तुम्हालाही हेच सांगते.

त्यांनीच हायड्रोथेरपी सुचवली, म्हणजे पाण्यात उभं राहून करायचे व्यायाम. पाण्यात अंगाचा भार कमी होतो.

पण मला पोहता कुठे येत होतं! निफाडला माहेरी भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळायची. मुलींनी पाण्यात उतरायचं नाही, एवढंच कारण.

पोहण्याचा पोशाख आणला तेव्हा हे पेपरामागून म्हणाले, "या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांची कंबर दुखत नाहीये," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी तलावाचा कठडा सोडवेना. फिजिओथेरपिस्ट मुलगी शेजारी उभी होती. "मॅडम, आधी एकच हात सोडा." सोडला. मग छातीएवढ्या पाण्यात चालत गेले आणि कित्येक महिन्यांनी पाय हलके वाटले. तोंडावर पाणी उडालेलं होतंच, त्यामुळे रडलेलं कुणाला दिसलं नाही.

चालण्यावर भागलं असतं. पण माझा हट्ट पोहायचाच. डॉक्टरांना विचारून उताणं पोहायला शिकले. नाकातोंडात पाणी गेलं, थंडीत दात वाजले, चार पोरी हसल्या. हसू दिलं. एका सकाळी, कुणाचाही हात न लागता, या काठावरून त्या काठाला पोचले. बाकावर बसलेले हे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवसापासून सोसायटीत भेटेल त्याला हेच सांगतात, "आमची ही पोहते!"

कंबर अजून दुखते. ढगाळ हवेत जास्तच. स्वयंपाक करताना बसायला स्टूल घेते, सुयाही अधूनमधून घेते.

परवा तलावावर एक नवी बाई आली. काठी घट्ट धरून पायरीवर थबकली होती.

"तुमचं दुखणं गेलं का हो?" तिने विचारलं.

"नाही गेलं," मी पाण्यातून म्हटलं आणि हात पुढे केला. "या, उतरा."