बर्फापर्यंत राहिलेली फळं

आमचे हे, म्हणजे नागासे तेइजी, निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी कॅमेरा आणला. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यात शिवणयंत्राच्या सुया तपासल्या होत्या. वाकडी निघाली की बाजूला, सरळ निघाली की डब्यात. आता ते आमची दरी तपासायला लागले. धरण चांगलं आहे, पण विजेची तार मध्ये येते. देवळाची कमान चांगली आहे, पण शेजारी शीतपेयांचं यंत्र उभं केलंय. ज्या दरीत जन्म गेला तिच्यात इतक्या चुका आहेत हे त्यांना सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

गाडी मी चालवायची, कारण यांना वाटेत उजेड बघायचा असतो. थर्मास मी भरायचा, भाताचे गोळे मी वळायचे, आणि फोटो निघेपर्यंत गाडीत बसून पायाला ऊब देणाऱ्या गरम पुड्या लावायच्या. लोक म्हणायचे, हिसाए-सानचं बरं आहे, म्हातारपणी नवऱ्याबरोबर फिरायला मिळतं. मी हसून मान डोलवायची.

दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी समाजमंदिरात फोटो काढणाऱ्यांच्या मंडळाची बैठक असे. सहा म्हातारे, सहाही जणांच्या अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं, आणि मधोमध इवाशिता गुरुजी. गुरुजींनी उमेदीत लग्नांचे फोटो काढले होते, तेवढ्यावर ते आयुष्यभराचे गुरुजी झाले. फोटोसमोर उभं राहून ते दातांतून हवा आत ओढायचे. हवा लांब ओढली तर फोटोत काहीतरी कमी आहे. आमचे हे घरी येऊन मला सांगायचे, "आज फार लांब ओढली." आणि त्या रात्री जेवायचे नाहीत.

एकदा पुलावरून जाणाऱ्या रेल्वेगाडीचा फोटो घ्यायला सगळे गेले होते. एका डब्याची गाडी, दोन तासांनी एकदा येणारी. नदीकाठी कॅमेऱ्यांच्या तिवया ओळीनं लावलेल्या. एवढ्यात समोरच्या बांधावरून एक बाई पाठीला टोपली लावून निघाली. "अहो आजी, जरा बाजूला व्हाल का, गाडी येतेय," आमच्यातला एक ओरडला. शेत तिचं, बांध तिचा, टोपलीतले मुळेही तिचेच. ती कमरेत वाकली, "माफ करा, माफ करा" म्हणत झुडपामागे जाऊन बसली आणि गाडी जाईपर्यंत तिथेच बसून राहिली. आमच्या मोटारीत बसलेल्या मला इतकी लाज वाटली की मी काच वर केली. खाली उतरून त्या म्हाताऱ्यांना दोन शब्द सुनावावेत हे मला सुचलं, पण मी काच वर केली.

तोकुए-सान आम्हाला सुगिकुबो वाडीत भेटल्या. दरीच्या टोकाला सात घरांची वाडी, त्यातल्या चार घरांना कुलूप. तोकुए-सान ऐंशीच्या, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, घराचं छप्पर गवताचं आणि अंगणात पर्सिमनचं एक जुनं झाड. शरद ऋतूत पानं गळून जातात आणि नुसती केशरी फळं राहतात. यांनी वळणावर गाडी थांबवायला लावली आणि काचेतून झाड खालपासून शेंड्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "तार नाही."

शिष्टाचार आम्हाला येतो. आम्ही गोड बीनच्या वड्यांचा खोका घेऊन दारात गेलो, वाकून परवानगी मागितली. तोकुए-सान म्हणाल्या, "अहो, असल्या जुनाट घराचा कसला फोटो? घ्या, घ्या. बाईसाहेब, तुम्ही तरी थंडीत कशाला उभ्या? आत या."

त्या दिवसापासून हे बाहेर तिवई लावायचे आणि मी तोकुए-सानच्या ओसरीवर बसायची. ती फळं तुरट जातीची. सोलून, दोरीत बांधून वळचणीला टांगायची, महिनाभर उन्हावाऱ्यात ठेवायची, मधून मधून बोटांनी दाबायची, मग ती खजुरापेक्षा गोड होतात. आम्ही दोघी सोलत बसायचो. त्या नवऱ्याला नावं ठेवायच्या, मी माझ्या नवऱ्याला. "माझा तर घोरायचा," त्या म्हणाल्या. "मेल्यावर पहिले सहा महिने मला झोप येईना." वाळलेली पहिली जोडी त्या देव्हाऱ्यात नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवायच्या, बाकीची मुलांना पाठवायच्या, आणि नव्या वर्षाला एक पेटी आमच्या घरी यायची. पन्नाशीनंतर मला नवी मैत्रीण अशी एकच मिळाली. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

शेंड्यावरची दोनचार फळं त्या कधीच उतरवत नसत. ती पाखरांची, आणि झाडाला पुढच्या वर्षी फळायची आठवण राहावी म्हणून. यांनी त्या दोनचार फळांवर बर्फ पडलेला फोटो शुक्रवारी नेला. गुरुजींनी हवा लांब ओढली आणि म्हणाले, "फळं अजून असती तर."

बस. वर्षभर आमच्या घरात तेवढंच. पुढच्या ऑक्टोबरात हे मला म्हणाले, "तू बोल ना तोकुए-सानशी. झाड यंदा बर्फापर्यंत तसंच ठेवतील का ते बघ."

"तुम्हीच विचारा की."

"मी विचारलं तर मागितल्यासारखं होईल. तुम्ही बायका बोलता बोलता बोलून जाता."

मी विचारलं. ओसरीवर चहा पिता पिता म्हणाले, "यंदा फळं किती धरलीत, नाही? आमचे हे म्हणत होते, बर्फात अशी भरलेली दिसली तर... पण तुमचं वाळवायचं काम असतं, तेव्हा..."

आणि थांबले. आमच्याकडे मागणं पुरं बोलत नाहीत. अर्धं आपण बोलायचं, उरलेलं समोरच्यानं उचलायचं. ज्याला नाही म्हणायचं असतं तोही उचलतोच, कारण खाली पडू देणं हा त्याहून मोठा अपमान. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी थांबले.

"अगंबाई, त्यात काय?" तोकुए-सान म्हणाल्या. "या वयात मला तरी शिडीवर कोण चढवतंय? उलट माझीच सुटका झाली."

फळं खुडायची बांबूची नवी काठी त्यांच्या मागेच भिंतीला टेकवलेली होती. टोकाची चीर अजून पांढरी होती.

त्या वर्षी वळचण रिकामी राहिली. बर्फ पडला, शंभरेक केशरी फळं पांढऱ्या टोप्या घालून उभी राहिली, आणि यांना जिल्ह्याच्या प्रदर्शनात तिसरा क्रमांक मिळाला. गुरुजींनी हवा ओढलीच नाही. नव्या वर्षाला तोकुए-सानकडे गेलो तेव्हा देव्हाऱ्यात दुकानातल्या पाकिटातली फळं होती, पाकिटासकट. माझी नजर तिथे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "हल्ली दुकानातलीही बरी मिळतात."

पुढच्या ऑक्टोबरात मला विचारावंही लागलं नाही. तोकुए-सानचं कार्ड आलं: यंदाही फळं ठेवली आहेत, मंडळींनाही घेऊन या. मंडळी आली, मंडळींचे मित्र आले. सकाळी बघावं तर वळणावर नऊ तिवया. तोकुए-सान सगळ्यांना ट्रेमधून चहा नेऊन द्यायच्या. एकानं तर त्यांना सांगितलं की धुराड्यातून थोडा धूर आला तर चित्र पुरं होईल. त्यांनी आत जाऊन ओली लाकडं पेटवली.

रोज संध्याकाळी पाच वाजता नगरपालिकेच्या भोंग्यावरून दरीभर सूचना येते. त्या शरदात रोज तीच होती: यंदा जंगलात फळं आली नाहीत, अस्वलं खाली उतरत आहेत, घराजवळची फळं वेळेवर उतरवून घ्या. भोंगा आमच्या घरी ऐकू येतो, सुगिकुबोत ऐकू येतो. नऊ तिवयांपाशी उभ्या नऊ म्हाताऱ्यांनाही ऐकू येत होता. तेव्हा ते उजेड गेला म्हणून सामान आवरत असायचे.

वाडीतले मोरिवाकी, तोकुए-सानचे शेजारी, दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले होते. हे मला मागाहून कळलं. "काकू, मी उतरवून देतो, तासाभराचं काम," असं ते म्हणाले होते. तोकुए-सान त्यांनाही हो म्हणाल्या. हो, हो, लवकरच. मग म्हणे त्यांना म्हणाल्या, "लांबून येतात हो बिचारे. बर्फ पडेपर्यंत थांबू या."

बर्फाच्या आधी अस्वल आलं. दोन रात्री झाडावर येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरिवाकी वर्तमानपत्र आणायला बाहेर पडले, तेव्हा अस्वल अजून झाडाखालीच होतं. त्यानं त्यांचा खांदा आणि अर्धा गाल फाडला. माणूस वाचला. उजवा हात आता वर होत नाही. साठीचा माणूस, वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं छपरावरचा बर्फ तोच काढायचा.

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. यांना सांगितलं. यांनी विचारलं, "फांद्या मोडल्या का गं?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाचा इतका राग कधी केला नव्हता. आणि तरी राग पुरता त्यांच्यावर काढताही येईना. मागणारं तोंड माझं होतं.

तोकुए-सान रोज दोन बस बदलून इस्पितळात जायच्या आणि मोरिवाकींच्या बायकोसमोर जमिनीला कपाळ टेकून माफी मागायच्या. ती बाई तोंड फिरवून बसायची. वाडीतलं कोणी वाईट बोललं नाही. बोलणंच थांबलं. मग तोकुए-साननी स्वतः वाडीच्या माणसांना सांगून झाड पाडून घेतलं. सासूनं लग्नात दाखवलं होतं ते झाड, तेव्हाही जुनंच होतं. करवत तासभर चालली असेल.

डिसेंबरात एका दुपारी आमच्या दाराशी कोणी हाक दिली. पाहते तो तोकुए-सान. चांगला किमोनो, हातात रेशमी रुमालात बांधलेला खोका. दोन महिन्यांत त्या निम्म्या झाल्या होत्या. आत येऊन चटईवर बसल्या, खोका पुढे सरकवला आणि वाकल्या.

"नागासे-सान, तुम्हाला न विचारता झाड पाडलं. तुमचा हंगाम वाया गेला. मला क्षमा करा."

मला वाटलं, आता तरी हे काही म्हणतील. हेही वाकले. "छे छे, असं काय," म्हणाले. "तुमचा तरी काय इलाज होता? वाईट वाटतं, पण चालायचंच."

त्यांनी माफ केलं. मी तिथे बसून पाहिलं, माझ्या नवऱ्यानं त्या बाईला मोठ्या मनानं माफ केलं.

तोकुए-सानचा चेहरा सैल झाला. त्यांनी कंबरपट्ट्यातून एक चिठ्ठी काढली. "मी तशीच कशी येणार? पलीकडच्या दरीत माझी मावसबहीण असते, एकटीच. तिचं झाड माझ्यापेक्षा मोठं आहे. तार नाही. मी तिला सगळं सांगून ठेवलंय. ती म्हणाली, काही त्रास नाही, अवश्य येऊ देत. थोडी फळं अजून आहेत झाडावर, तिनं उतरवायची थांबवलीत."

यांचे डोळे चमकले. मी ते बघितलं. चिठ्ठी घ्यायला हात पुढे झाला.

"हे जाणार नाहीत," मी म्हणाले.

तोकुए-सान माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढचं वाक्य जुळवत होते: माझ्यामुळे झालं, मी मागितलं, मला माहीत होतं की तुम्ही नाही म्हणणार नाही. सगळं ओठांवर होतं.

"ही थट्टा करते," हे म्हणाले आणि हसले. "गाडी चालवायचा कंटाळा, दुसरं काय."

तोकुए-सानचा श्वास सुटला. तोंडावर हात ठेवून त्याही हसल्या. "बाईसाहेब म्हणजे ना." त्यांना इतकं हायसं वाटलं होतं की ते हसू मला मोडवेना.

मीही हसले. चहा ओतला. बसपर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, या हं एकदा, आणि मी म्हणाले, नक्की. त्यानंतर मी सुगिकुबोला गेलेली नाही.

दहा दिवसांनी पहिला बर्फ पडला. हे पहाटेच उठून चिठ्ठीवरचा पत्ता बघत होते. गाडी मीच चालवली.