दह्याच्या झाकणांचं रडार

संकटाला दारावरची बेल वाजवण्याचीही संधी न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आखातातल्या आमच्या मंगफच्या फ्लॅटमधले मालवणकडचे काका. वाळूचं वादळ यायच्या आत सहाही जणांचे दोरीवरचे कपडे त्यांनी काढून ठेवलेले असत. कुणाचा अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपायला चार महिने असले, तरी ते दर जेवणाला त्याला नूतनीकरणाची आठवण करून देत. पेशाने एसी मेकॅनिक. धडधाकट चाललेल्या एसीला कान लावून "ह्याचो आवाज बदललो" म्हणत आणि तो उघडून बसत. मग तो खरोखरच बिघडे.

या स्वभावाला खतपाणी घातलं एका विमानाने. शुक्रवारच्या बाजारात त्यांना प्लॅस्टिकचं मोडकं मॉडेल मिळालं. युद्धनौकेवरून उडणारं जुनं विमान, पाठीवर रडारचा मोठा घुमट घेऊन जाणारं. शत्रू लांब असतानाच तो हेरून जहाजाला सावध करणारं. मॉडेलचा घुमटच हरवला होता. काकांनी लबनेच्या, म्हणजे इथल्या घट्ट दह्याच्या, डब्यांची दोन झाकणं चिकटवून नवा केला. कुणी तो बोटाने फिरवू लागलं की ते कळवळत, "घुमट फिरना नाय रे, आतली अँटेना फिरता." आणि वर सांगत, "घर म्हणजे आपला जहाज. कोणीतरी लांबचा बघूक होया. मी हंय कित्याक इलंय?"

इकडचं दुखणं तिकडे कळवायचं नाही, ही आम्हा सगळ्यांचीच रीत; काकांनी तिचं शास्त्र केलं होतं. शिडीवरून पडून हात मोडला, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत "नेट नाय, व्हिडिओ लागना नाय" म्हणत ते काकींशी नुसत्या आवाजावर बोलले. आम्हाला त्याचं केवढं कौतुक!

गेल्या वर्षी काकी म्हणू लागल्या की गावात नेट नाही. दोन महिने व्हिडिओ नाही. काकांनी टॉवरवाल्यांचा उद्धार केला, नेटवर्कची चांगली मोठी अँटेना घेतली आणि गावी निघालेल्या माणसाबरोबर पाठवली. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

मग गावाहून काकांच्या भावाचा फोन आला. काकींना कॅन्सर होता. औषधांनी केस गेले होते आणि काकांना न कळवण्याची त्यांनी सगळ्यांना शपथ घातली होती. काका पोचले तेव्हा उशीर झाला होता. आठवड्याने त्यांनी मला फोन केला. "अँटेना खोक्यातच आसा. तिना उघडल्यानच नाय." मग म्हणाले, "ती युक्ती माझीच होती रे, आणि माकाच समाजला नाय." मी नुसता रडलो.

काका परत आले नाहीत. विमान आमच्या फ्रिजवर आहे. परवा न्हाणीत घसरून माझ्या कपाळाला चार टाके पडले आणि नेमका आईचा व्हिडिओ कॉल आला. तो कापून 'नेट नाही' असं लिहायला बोट गेलंही होतं. समोर ती दह्याची झाकणं दिसली. मी फोन उचलला.

"कपाळाला काय झालं रे?" आईने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्याही गुडघ्याचं तुला सांगायचं राहिलंय."