बंद दुकानाचं शेवटचं गिऱ्हाईक

कसबा बावड्यात एखाद्या माणसाला वर्षभर पुरेल एवढा टोमणा मिळायला फार मोठं काही घडावं लागत नाही. माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांना तो दिवाळीच्या पाडव्याला मिळाला.

पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी काढायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधायचा आणि मालकाने सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फडफडवत पुढे निघायचं. म्हशीला दोरी नाही, काठी नाही. एवढ्या गाड्यांच्या कल्लोळात ती आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज बरोबर ओळखते आणि त्यामागे पळते. जी म्हैस चौकातून न बिचकता जाते आणि पंचांच्या रेघेपुढे थांबते, तिला बक्षीस मिळतं आणि तिच्या मालकाची कॉलर वर्षभर ताठ.

तात्यांची म्हैस, जिला ते आक्का म्हणतात, चौकापर्यंत झकास आली. चौकात मोठे दिवे होते, स्पीकर होते, मोबाइल वर धरून उभी राहिलेली पोरं होती. दिवे अंगावर पडताच आक्का थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि भर रस्त्यात बसली. नुसती बसली नाही, रवंथ करायला लागली. तात्यांनी गाडी फडफडवली, हात जोडले, शेवटी मागून खांदा लावला. मागे म्हशींची आणि म्हशींच्या मागे सिटी बसची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या डेअरीत दूध घालायला गेले, तर रांगेतून आवाज आला, "तात्या, उठली का?"

झालं. तो प्रश्न वर्षभर टिकला. लग्नाच्या पंगतीत तात्या जेवून जरा रेंगाळले की पलीकडच्या पानावरून कोणीतरी म्हणायचं, "उठताय का, का गाडी चालू करू?" तात्या वरवर हसायचे. घरी आल्यावर मात्र गोठ्यात जाऊन म्हणायचे, "नाक कापलंस की गं बाई माझं." आक्का रवंथ करायची. पुढच्या पाडव्याला ती चौकातून ताठ मानेने गेली पाहिजे, ही एकच गोष्ट तात्यांच्या डोक्यात घर करून बसली.

त्याच वर्षी माझं दुकान बंद पडलं. माझं म्हणजे मी जिथे असिस्टंट मॅनेजर होतो ते, एका मोठ्या साखळी कंपनीचं, बावड्याच्या मुख्य रस्त्यावरचं. बारावीपर्यंत मी मुरगूडला मामांकडे शिकलो, मग कोल्हापुरात बी.कॉम. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कंपनीने मला टाय बांधायला शिकवलं, पुण्याला नेऊन प्रशिक्षण दिलं आणि 'पोरगं एसीत काम करतंय' असं सांगायची माझ्या आईची सोय केली. याबद्दल मी कंपनीचा आजही मनापासून आभारी आहे. प्रशिक्षणात एक वाक्य आमच्याकडून रोज सकाळी उभं करून म्हणवून घेत: गिऱ्हाईक आपल्या पायांनी परत आलं पाहिजे.

बावड्यात गिऱ्हाईक आपल्या पायांनी यायचं, एसीत थंड व्हायचं, भाजीच्या काट्यावर लहान मुलाचं वजन करायचं, साबणाचा भाव बघायचं आणि समोरच्या वाण्याकडे जाऊन "तिकडं स्वस्त हाय की" म्हणून घासाघीस करायचं. शिवाय दर दुसऱ्या घरात म्हैस असलेल्या गावात कंपनीने पिशवीतल्या दुधाचा भलामोठा फ्रीज ठेवला होता. मी एकदा बैठकीत भीतभीत तसं म्हणालोही. साहेब म्हणाले, "माणसाच्या सवयी बदलाव्या लागतात."

दुकान बंद होणार म्हटल्यावर मात्र शेवटच्या सेलला अख्खं गाव लोटलं. ज्यांनी कधी काडेपेटी घेतली नव्हती ते मलाच दम देत होते, "आरं, एवढं झ्याक दुकान, बंद का करतायसा?"

मग ट्रक आले. मांडण्या गेल्या, फ्रीज गेला, ट्रॉल्या गेल्या. बिल करायचं एक काउंटर तेवढं राहिलं, कारण ते दारातून बाहेरच येईना. छतभर ट्यूब, गाणी वाजवणारे स्पीकर, मधल्या खांबाला लावलेले आरसे आणि मी, एवढेही राहिलो. भाडेकरार दिवाळीपर्यंत होता. तोवर रोज दुकान उघडायचं, आतून फोटो काढून पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवायचा आणि शेवटी जागा जशी घेतली तशी जागामालकाला परत द्यायची, हे काम माझ्याकडे आलं.

एका दुपारी तात्या किटलीतून चहा घेऊन आले. कप तोंडाला लावायच्या ऐवजी वर बघत राहिले.

"लाव बघू सगळं दिवं एकदम."

मी लावले. तात्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग स्पीकरकडे बोट केलं. "ते गातंय का अजून?"

गात होतं. मी बटण दाबताच कंपनीची धून वाजली आणि रेकॉर्ड केलेल्या बाई म्हणाल्या, "नमस्कार, आपलं मनःपूर्वक स्वागत आहे."

"आक्काला आणतो," तात्या म्हणाले.

"तात्या, हे कंपनीचं दुकान आहे."

"मग? कंपनीनं गिऱ्हाईकाला नगं म्हणून सांगितलंय व्हय?"

"म्हैस म्हणजे गिऱ्हाईक नव्हे."

"तुझी कॉलेजची फी कुणी भरली?"

"तुम्ही."

"मी न्हवं. हिच्या आईनं भरली, दोन्ही वेळची धार दिऊन. तू पदवी घ्याय गेलतास, तवा त्या म्हशीनं म्हटलं का, ह्येच्यात माझं काय म्हणून?"

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि दुसऱ्या दिवशीपासून आक्का रोज दुपारी दुकानात यायला लागली.

ट्रॉल्यांसाठी केलेल्या उतारावरून ती अगदी सहज वर आली. फरशीवर खूर घसरायला लागले, म्हणून आम्ही गोणपाटं अंथरली. पुढे तात्या गाडीवर, मागे आक्का. रिकाम्या दुकानात तो आवाज असा घुमायचा की समोरचा चहावाला विचारायला आला. मी दारातच सांगितलं, "जनरेटर तपासतोय." तात्यांची एक नजर सतत शेपटीवर असायची. शेपूट उचललं की ते "घमेलं!" म्हणून ओरडायचे आणि मी धावायचो. ड्यूटीवर टाय असलीच पाहिजे हा कंपनीचा नियम मी शेवटपर्यंत पाळला, त्यामुळे घमेल्याचं कामही टाय लावूनच केलं.

पहिल्या दिवशी दिवे लागताच आक्का पूर्वी जिथे बिस्किटं असायची तिथे बसली. आम्हीही तिच्याजवळ बसलो. स्पीकरमधल्या बाई तिचं मनःपूर्वक स्वागत करत राहिल्या. शेवटी तात्यांनी काउंटरवर पेंड ठेवली. वास लागला तशी आक्का उठली, काउंटरपाशी गेली आणि रांग नसल्यामुळे लगेच खायला लागली. मग तीच पद्धत ठरली. गाडीचा आवाज, उतार, दिवे, गाणं, काउंटर, पेंड. आठवड्याभरात ती दिव्यांकडे बघेनाशी झाली. तात्यांच्या चालीत फरक पडला. डेअरीत कोणी "उठली का?" म्हटलं तर ते गूढ हसायला लागले.

अडचण फोटोंची होती. फोटो सकाळी पाठवायचा नियम होता, पण एकदा राहून गेला आणि मी घाईत दुपारी काढून पाठवला. हेड ऑफिसच्या मॅडमचा फोन आला.

"खांबावर ते काळं काय दिसतंय?"

मी फोटो मोठा करून बघितला. आरशात आक्काचा मागचा अर्धा भाग होता.

"ओल आहे, मॅडम."

"अरे बापरे. बरीच आहे." मॅडम हळहळल्या. "मी मेंटेनन्सला कळवते. वाढतेय का?"

"वाढत नाही मॅडम, पण जागा बदलतेय."

मेंटेनन्सचं कोणी आलं नाही. बंद झालेल्या दुकानातली ओल बघायला कोण येतं? मॅडम मात्र भल्या. दर दोन दिवसांनी विचारायच्या, "ओल कशी आहे?" मी खरं तेच सांगायचो, "ठीक आहे, मॅडम. सकाळी नसते."

दिवाळीच्या तोंडावर जागामालक ताबा घ्यायला आले. हे बावड्यातलेच, वयस्कर, ऊसवाले शेतकरी. मी फिनेल ओतून ओतून फरशी चकाचक केली होती, चारही कोपऱ्यांत उदबत्त्या लावल्या होत्या. ते दारातच थांबले आणि नाकाने दोनदा हवा ओढली. मग काउंटरपाशी जाऊन फरशीकडे बघत राहिले.

"हितं लई पाय घासलेत रं."

"शेवटच्या सेलला गर्दी होती, दादा."

"व्हय?" ते वाकले, एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. "ह्या गिऱ्हाईकाला खूर हुतं काय?"

मी टाय सरळ केली. त्यांनी कागदावर सही केली. "तात्याला सांग, पाडव्याला चौकात मी उभा हाय. बसली तर माझी फरशी वाया गेली म्हणीन." जाता जाता म्हणाले, "काउंटर राहू दे तिथंच. कबनूरचं एक पावणं येतंय. मागावरच्या चादरी, टॉवेल. दोन महिन्यांचा सेल लावणार हाय. पाडव्याच्या सांजंचा मुहूर्त काढलाय."

पाडव्याला आक्का नटली. शिंगं लाल, पाठीवर चुन्याची वेलबुट्टी, गळ्यात नवा पट्टा. मी चौकात जागामालकांच्या शेजारी उभा होतो. अख्खं गाव तिथे होतं आणि सगळ्यांना एकच बघायचं होतं. तात्यांची गाडी आली, मागे आक्का आली. दिवे तिच्या अंगावर पडले. ती थांबली.

"बसतीया, बसतीया!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

स्पीकरवर गाणं सुरू झालं. आक्काने मान वर केली, कान पुढे केले आणि सुटली. बिचकणं दूरच, पंच बसले होते ती रेघ तिने वाऱ्यासारखी ओलांडली. टाळ्या, शिट्ट्या. तात्यांनी हँडल सोडून दोन्ही हात वर केले. तेवढ्यात आक्का त्यांच्या बाजूने पुढे निघून गेली.

रेघेपुढे थांबायचं असतं. आक्का थांबली नाही. तेव्हा, जरा उशिरा, माझ्या लक्षात आलं की दिव्यांना भिऊ नकोस असं आम्ही तिला शिकवलंच नव्हतं. दिवे लागले, गाणं लागलं की पुढे काउंटर असतं, एवढंच शिकवलं होतं. आणि चौकाच्या पुढे, मुख्य रस्त्याला, ते काउंटर होतं.

दरवर्षी म्हैस गाडीमागे पळते. त्या वर्षी गाडी म्हशीमागे पळाली, आणि गाडीमागे गाव.

दुकानात कबनूरचे पाहुणे आणि त्यांची बायको दोघंच बसले होते. मुहूर्ताची वेळ टळत चालली होती, पूजा मांडून झाली होती, पण सगळं गाव चौकात, त्यामुळे दारात चिटपाखरू नव्हतं. काउंटरवर पेढ्यांचं ताट होतं. आक्का उतारावरून वर आली, उघड्या दारातून आत शिरली, चादरींच्या दोन रांगांमधून अंगाला कपडासुद्धा न लागू देता काउंटरपाशी गेली आणि पेढे खायला लागली. पाहुणे चादरींच्या गठ्ठ्यावर चढले.

बायको मात्र खंबीर होती. "अवो, वर काय चढताय? पाडव्याची लक्ष्मी पायांनी दारात आलीया. कुक्कू लावा तिला!"

"तूच लाव. तिला शिंगं हाईत."

तिने लावलं. आक्काने मान खाली घालून लावून घेतलं. एवढ्यात तात्या आले, सवयीप्रमाणे गाडीसकट आत.

"पावणं, ही म्हस तुमची?" पाहुण्यांनी गठ्ठ्यावरूनच विचारलं.

"माझी. घाबरू नगा," तात्या धापा टाकत म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक हाय हितलं."

मागून गाव आत शिरलं. बघायला आलेले लोक आत आलोच आहोत तर म्हणून चादरी उलगडून बघायला लागले. बायका टॉवेल गालाला लावून बघत होत्या. जागामालक माझ्या कानात म्हणाले, "तुझ्या कंपनीला असं एक तरी गिऱ्हाईक गावलं हुतं का रं?" तात्यांनी सगळ्यांत मोठ्या दोन चादरी घेतल्या आणि झुलीसारख्या आक्काच्या पाठीवर टाकल्या. पाहुण्यांनी पैसे घ्यायचं नाकारलं, तेव्हा तात्यांनी आवाज चढवून ते घ्यायला लावले.

बक्षीस मिळालं नाही. रेघेपुढे थांबली नाही, म्हणून पंचांनी तिला बाद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. ताबा दिल्याची कागदपत्रं पोचली होती. माझ्या कामाबद्दल त्या दोन चांगले शब्द बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि ओल? गेली का?"

"गेली होती, मॅडम. काल संध्याकाळी परत आली. आता ती नवीन भाडेकरूकडे."

मग मी तात्यांबरोबर डेअरीत गेलो. किटली मी धरली होती. रांग नेहमीचीच. आम्हाला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. तात्यांनी मान खाली घालून झाकण काढलं. मागून आवाज आला.

"तात्या, काय काय खरेदी केली म्हणायची आक्कानं?"

तात्यांनी मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्यांना रांगेकडे तोंड करून उभं राहिलेलं बघितलं.

"दोन चादरी घेतल्या," ते म्हणाले. "टॉवेल तिला जरा पातळ वाटलं."