जयवंतीच्या नावाचा फोन

माझ्या मोबाइलवर 'जयवंती' हे नाव उमटलं, तरी पलीकडून आवाज नेहमी तिच्या नवऱ्याचाच यायचा. गेल्या महिन्यातही त्याचाच आला. "ताई, जयवंती गेली..." अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एकटीच बोंबील वाळत घालताना तिच्या छातीत कळ आली. फोन ह्याच्या खिशात, हा नाक्यावर. कोणाला कळेपर्यंत उशीर झाला होता.

आम्ही एका वर्गातल्या. मी लग्नानंतर विरारला, फुलपाड्यात आले. ती गावातच, अर्नाळ्याला राहिली आणि विरारच्या बाजारात मासे विकू लागली. जीभ तिखट, माल ताजा. हळूहळू लग्नाची जेवणं करणारे केटरर तिच्याकडूनच पापलेट नेऊ लागले. मोबाइल निघाले तेव्हा तिने स्वतःच्या कमाईतून घेतला आणि मला दाखवायला धावत आली. "आता गिऱ्हाइकाला माजी वाट बघाया नको. घरबसल्या आर्डर घेईन!"

आठवड्यात तो फोन नवऱ्याच्या खिशात गेला. बाईच्या हातात बरा दिसत नाही, म्हणे. डोक्यावर टोपली घेऊन गावभर हिंडलेली बरी दिसते, फोन तेवढा दिसत नाही! केटररशी तो बोलायचा, माल त्याचा भाऊ टेम्पोने पोचवायचा. बघता बघता तिची गिऱ्हाइकं दिराची झाली. कोणी भांडलं नाही, कोणी हिसकावलं नाही... नुसता फोन दुसऱ्याने उचलला.

मी एकदा तिच्या नवऱ्याला जाब विचारला. तो हसला. "ताई, घरात एक फोन पुरतो."

"पुरतो ना?" चुलीजवळून जयवंती म्हणाली. "मग माज्याकडं दे."

त्याने दिला नाही. तिने दुसरा आणला, तो त्याने दगडावर आपटला. मग ती एसटी स्टँडजवळच्या पीसीओतून गिऱ्हाइकांना फोन करू लागली. पुढे तोही बंद पडला.

दिवसकार्याला कोणीतरी म्हणालं, "साधी बाई. फोनबिनचा सोस नव्हता तिला."

"होता," मी म्हटलं. "तुम्ही पुरवू दिला नाहीत." सगळे माझ्याकडे बघू लागले. बघू देत.

परवा बाजारात गेले, तर जयवंतीच्या जागेवर तिचा दीर बर्फाची पेटी मांडत होता. शेजारची मासळीवाली कोयता घेऊनच उठली. "ही जागा बाईची हाय. ऊठ." तो उठला. आता शेजारणी आळीपाळीने जयवंतीची मासे मांडायची फळी धुतात, आणि दीर समोरून गेला की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहतात.