आडवी अँटेना

नंदा, तू तिकडे निर्मल गावी असलीस तरी हे माझ्याजवळ बसल्यासारखं वाच. आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर हसलीस ना मला, "मावशी, घरावर डिश असून त्या सळया काऊन लावून राह्यल्या?" म्हणून. हसायचं नाही. त्याच सळयांनी सुजाताच्या, तुझ्या सख्ख्या मावशीच्या, नावावरचा डाग धुऊन काढलाय. कसं ते ऐक.

तीसेक वर्षांमागची गोष्ट. आमची पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात होती. महिला कंपनी, टिनाच्या छताची पोस्ट. सुजाता तामसीची, मी भीमपूरची, दोघी वायरलेस ऑपरेटर. साडेपाचला पीटी, सहाला सेट चेक, मग दर तासाला कॉल आणि लॉगबुकात वेळ. ती सेट पाठीवर घेऊन गस्तीवर जायची, मी कंट्रोलला बसायची. आमच्यावर रेडिओ इन्स्पेक्टर वानखडे, आपल्याच आदिलाबादचे.

एका संध्याकाळी वाऱ्यानं मास्ट, अँटेनाचा खांब, वाकला आणि कंट्रोलची अँटेना छतावर आडवी पडली. मी सहा वाजता रिपोर्ट दिला. साहेब पत्ते खेळत होते.

"सेटचा लाइट लागते ना? मग उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी गेटवर लागली. सेटवर साहेब स्वतः. गस्त दहाला निघाली. जाताना सुजाता म्हणाली, "आज भाकरी तू थापू नको. मी आली का थापते. तुझ्या खाऊन जबडा दुखते."

दोन वाजून दहा मिनिटांनी नाल्यात त्यांच्यावर गोळीबार झाला. पावणेचारला एक जखमी जवान रांगत गेटवर आली, तेव्हा कुठे मदत निघाली. सुजाता गेली होती. माइक हातातच होता. जखमी जवानानं सांगितलं, तिनं अकरा वेळा कॉल दिला. "चार्ली फोर फॉर कंट्रोल, ओव्हर." लॉगबुकात साहेबांच्या अक्षरात बारापासून दर तासापुढे होतं: कॉल नाही.

इन्क्वायरी आली तोवर मास्ट उभा झाला होता. मी सांगितलं, अँटेना पडली होती. कमांडंटनी विचारलं, "त्यानं काय फरक पडतो?" मी म्हटलं, का ते मला ठाऊक नाही सर. मी दहावीपर्यंतची, हातानं शिकलेली. वानखडे म्हणाले, "सर, उभी असो का आडवी, सिग्नल येतोच." जखमीची साक्ष तापातली धरली, आणि कागदावर उतरलं की ऑपरेटरनं कॉल दिलाच नाही. तो कागद तामसीला तुझ्या आजीकडे गेला. गाव तिच्या दारावरून मान वळवून जायला लागलं. तेच तिला जास्त लागलं.

रिटायर होऊन भीमपूरला आल्यावर माझे हात गप्प बसेनात. कळलं, की औरंगाबादच्या टॉवरवरून डिजिटल चॅनल हवेतून सुटतात, आणि हिवाळ्यात धुक्याच्या सकाळी कधीमधी तीनशे किलोमीटरच्या पारही येतात. सळया कापून अँटेना केली, पाइपवर चढवली, टीव्हीला बॉक्स जोडला. हाताच्या सवयीनं सळया उभ्या ठेवल्या, वायरलेसच्या असतात तशा. दिवाळी गेली, संक्रांत आली, चित्र काही येईना. मग एका सकाळी माकडांनी पाइपवर उड्या मारल्या, सळया आडव्या झाल्या, आणि माझी वहिनी खालून ओरडली, "बाई, बातम्या लागल्या वो."

मी बातम्या पाहिल्या नाहीत. वर जाऊन सळया उभ्या केल्या. चित्र गेलं. आडव्या केल्या. आलं. तिथंच छतावर बसली मी. टीव्हीचा टॉवर सिग्नल आडवा सोडतो. सुजाताच्या पाठीवरच्या सेटची दांडी उभा सोडायची, आणि कंट्रोलची अँटेना आडवी पडलेली. जसा सुटला तसा धरला नाही, तर दूरचा सिग्नल खरखरीत बुडतो. आणि हे वानखड्यांना तेव्हाही माहीत होतं. त्याच कामाचे ते इन्स्पेक्टर होते.

ते आदिलाबादला माजी जवानांच्या कार्यक्रमात दरवर्षी माइक धरतात. मी गोड बोलून फोन केला. म्हटलं, साहेब, माझ्याकडे औरंगाबाद लागते, तुमच्याशिवाय ते समजणार कोणाला? तिसऱ्या दिवशी धुकं पडलं. सहाला फोन केला, आठला हजर. चहा पाजला. छतावर नेलं आणि पाइप त्यांच्याच हातात दिला.

"सळया उभ्या करा साहेब."

"गेलं," वहिनी खालून.

"आडव्या करा."

"आलं वो."

तिसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा उतरला. सातव्या खेपेला म्हणाले, "विमल, बस झालं. हात भरून आले."

"तिनं अकरा वेळा हाक दिली होती. तुमच्या चार राहिल्या."

फिरवल्या त्यांनी. चारही. मग माफी मागायला लागले. मी म्हटलं, माफी तुमच्यापाशीच ठेवा, सही द्या. कागद मी लिहूनच ठेवला होता: अँटेना पडली होती, मला ठाऊक होतं, ऑपरेटरची चूक नव्हती. खाली सही केली त्यांनी. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी तो माइकवर वाचायचा आहे. नाही वाचला तर त्यांच्या शेजारी उभी राहून मी वाचीन. जिना उतरताना त्यांनी आधाराला हात मागितला. मी दिला नाही. वाईट वाटलं का विचारशील, तर नाही वाटलं.

त्या नाल्यात तिघी गेल्या. सुजाता, लक्ष्मी, रोझी. रोज सहाला मी तिघींची नावं घेते, सेट चेकच्या वेळेला.

आता तुझं काम. आजीची नजर गेली, पण कान शाबूत आहेत. कागद वाचून दाखवशील, तरी अँटेनाचं तिला समजणार नाही. तिला खाली टीव्हीपाशी बसवू. मी वर सळया फिरवीन. आवाज जाईल, येईल, पुन्हा जाईल. तिच्या पोरीची हाक कुठं अडली, ते तिला तिच्या कानानं कळू दे. धुकं अजून पंधरा दिवस राहील. तिला घेऊन लवकर ये.